मूद न पडणारा भात

सोलापूर, ता. १२ नोव्हेंबर १९३४

मुकुंदभाऊजी,

आशीर्वाद आहेतच, ते दर पत्रात लिहून शाई घालवत नाही. तुमची पेटी पोचली. नळ्या शाबूत, निळ्या औषधाची बाटलीही शाबूत. निंगव्वा आपल्याकडे भांडी घासते, तिच्या घरच्या पत्त्यावर धाडलीत हे बरं केलंत. ही सगळी सामग्री डॉक्टरांनी दिली असं मी मामंजींना सांगितलं आहे. बंगळूरहून धाकट्या मुलानं पाठवली म्हटलं असतं, तर त्यांनी ती बाटली पायरीवर फोडली असती. आठ वर्षं झाली, या घरात तुमचं नाव घ्यायची सोय नाही.

मागच्या पत्रात "पायाला थोडं लागलं आहे" असं लिहिलं होतं. ते थोडं नाही. श्रावणात देवळाची पायरी उतरताना उजव्या पायाची करंगळी ठेचाळली, ती अजून भरलेली नाही. आता ती काळी पडली आहे आणि जवळ बसलं की वास येतो. डॉक्टर म्हणाले की हा मधुमेह आहे, लघवीतली साखर उतरल्याशिवाय जखम भरणार नाही. काळं पाऊलभर चढलं तर घोट्यापासून पाय काढायचा. संक्रांतीची गड्ड्याची यात्रा उठेपर्यंत ते वाट बघायला तयार आहेत, पुढे नाही.

मुंबईहून एक टोचायचं औषध येतं म्हणतात. पण ते गुराच्या पोटातून काढतात असं डॉक्टरांच्या तोंडून निघून गेलं, आणि मामंजींनी अंगावरची शाल सारखी करून त्यांना नमस्कार केला. तो विषय तिथंच मिटला.

मामंजी पायाला भीत नाहीत, भाऊजी, ते उंबऱ्याला भितात. पाय तुटलेल्या पुजाऱ्याला नरसिंहाच्या गाभाऱ्यात जाता येत नाही; सध्या खुर्चीतून नेतात म्हणून पूजा चालू आहे. तुमचे दादा गेले, तुम्ही पूजा नको म्हणून निघून गेलात, तेव्हा मामंजींचा पाय गेला की आपल्या घरातून पूजा गेली. पुढचा हक्क रावजी भाऊबंदाचा; तो रोज समाचाराला येतो आणि बोलताना पायाकडेच बघतो.

भात अजिबात बंद, असं डॉक्टर म्हणाले होते. मामंजी म्हणाले, देवाला भाताचा नैवेद्य असतो आणि तो खाऊनच मी उपास सोडतो, मग अन्नच बंद करा. भाकरी त्यांना चावत नाही, वरचे दात सगळे गेलेत. शेवटी तडजोड झाली. दुपारी लहान वाटीभर तांदूळ, रात्री तेवढेच, बाकी मेथी आणि मुगाचं पाणी. वाटी मी स्वतः भरून देते, सुरीनं काठ सपाट करून.

दुपारचा भात सासूबाई रांधतात, कारण तो देवाचा. मी केस ठेवलेली विधवा, देवाच्या चुलीला चालत नाही. रात्रीचा भात देवाचा नाही, शिवाय आजाऱ्याला आपद्धर्म, म्हणून तो माझ्याकडे. आणि नळीलाही मी चालते. सोवळ्यात कुणी ती धरायला तयार नाही.

यशोदा


ता. २६ नोव्हेंबर

भाऊजी,

तुम्ही लिहिलंत तसं सगळं केलं. जेवण झाल्यावर थोड्या वेळानं लघवी घ्यायची, निळ्या औषधात थेंब टाकायचे, नळी उकळत्या पाण्यात धरायची. निळं राहिलं तर साखर नाही, हिरवं झालं तर थोडी, पिवळं झालं तर बरीच, आणि विटेसारखं लाल झालं तर फार.

दुपारी लाल. रात्री हिरवं. दुसऱ्या दिवशीही तसंच, तिसऱ्या दिवशीही. नळीत काही राहून जातं की काय म्हणून मी ती राखेनं घासली, तरी तेच. निंगव्वानं एकदा डोकावून बघितलं आणि "लाल झालं म्हंजी रगत हाय की, अक्का" म्हणून गल्लीभर सांगत सुटली. सासूबाईंनी तेव्हापासून नळीचं तोंड बघायचं सोडलं आहे. नळी घरात आली आणि पाय जास्त बिघडला, असा त्यांचा हिशेब आहे. तो पुरता खोटाही म्हणता येत नाही, कारण पाय खरोखरच बिघडतो आहे.

पण मला सांगा, एकाच पोत्यातले तांदूळ, एकच वाटी, एकच माणूस. दुपारी भाताची साखर होते आणि रात्री होत नाही, हे कसं? दुपारचं ऊन लागतं का तिला?

लवकर लिहा. करंगळीच्या शेजारचं बोट काल गार लागलं.

यशोदा


ता. ६ डिसेंबर

भाऊजी,

तुमचं उत्तर वाचून मी ते दोन दिवस पुन्हा उघडलं नाही. "आई दुपारी गुपचूप गोड देत असणार, तिच्यावर नजर ठेवा." तिकडे बसून किती सोपं आहे हो. चाळीस वर्षं ज्या बाईनं देवाच्या आधी पाण्याचा घोटही घेतला नाही, तिच्यावर मी पहारा करायचा.

केला मी पहारा. तो राग तुमच्यावर काढते आहे, कारण दुसऱ्या कुणावर काढता येत नाही. तीन दुपारी देवघराच्या स्वयंपाकघराच्या उंबऱ्याबाहेर निवडायला सूप घेऊन बसले. सासूबाईंना दोन्ही डोळ्यांनी धूसरच दिसतं, पण मी तिथं का बसले आहे ते त्यांना पहिल्याच दिवशी कळलं. तिसऱ्या दिवशी गुळाचा डबा आणून माझ्यापुढे ठेवला आणि म्हणाल्या, "हा तुझ्या खोलीत ठेव. कुलूप लाव." मला धरणी दुभंगावी असं झालं.

गोड कुणी देत नाही, भाऊजी. साप साप म्हणून आपण भुई धोपटली.

बघायला बसलेच होते, तर जे दिसलं ते लिहिते. सासूबाई भाताला पाणी सढळ घालतात. शीत बोटांत घेऊन चेपतात, त्याचा लगदा झाला तरच शिजला म्हणतात, कारण डोळ्यांचं काम आता बोटंच करतात. मग पळीच्या पाठीनं भात भांड्याच्या कडेला घोट घोट घोटतात. वाटीत दाबून भरतात, केळीच्या पानावर उलटी करतात, आणि अशी सुरेख मूद पडते की तिला एक चीर नसते. आजारी माणसाला हलकं पडावं म्हणून हल्ली त्या जास्तच घोटतात. नैवेद्य दाखवून झाल्यावर मामंजी तीच मूद ताकात कालवून हातानं आणखी मोडतात आणि जवळजवळ पितात.

माझा भात तुम्ही खाल्लेला आहे. तुमच्या दादांना शीत न् शीत वेगळं लागायचं, तीच सवय हाताला राहिली. आधणात वैरते, कण दाताला जेमतेम लागेनासा झाला की उतरवते, पेज काढते, झाकून वाफ आणते. माझ्या भाताची मूद करायला गेलं तर ती पानावर कोसळते. रात्री मामंजी तो चिमटीनं खातात आणि न चावताच गिळतात, आणि मला शिव्या देतात.

एवढाच फरक आहे. याचं काही होतं का, ते तुमच्या प्रयोगशाळेत विचारा. रात्री त्यांना ताप असतो.

यशोदा


ता. १९ डिसेंबर

भाऊजी,

या पत्राला मात्र मानलं तुम्हाला. आईची माफी मागणारी ओळ मी त्यांना वाचून दाखवू शकत नाही, पण ती होती हे बरं झालं.

तुम्ही लिहिता की तांदळाच्या दाण्यात पिष्ट नुसतं भरलेलं नसतं, भिंती घालून घराघरांत रचलेलं असतं. शिजलं की ते फुगतं, पण दाणा अखंड राहिला तर पोटातल्या रसाला बाहेरून कुरतडत आत जावं लागतं, वेळ लागतो, साखर हळूहळू रक्तात उतरते. घोटला की सगळ्या भिंती पडतात आणि सगळं पिष्ट एकदम रसाच्या हाती लागतं. हे मला पटकन कळलं. जमिनीखालच्या पेवात जोंधळा असतो तसं आहे. तोंड बंद असेल तर वर्षभर पुरतो, आणि एकदा सगळी पेवं फोडली तर गल्लीतली जनावरंसुद्धा एका रात्रीत फस्त करतील.

म्हणजे "हलकं" हाच घात होता म्हणायचा. आपल्याकडे आजारी पडला की घोटा, पातळ करा, हलकं करा. पोट दुखणाऱ्याला ते ठीक असेल. ज्याला साखर सोसत नाही, त्याला हलकं तेच जड. सासूबाई मायेनं पळी फिरवत होत्या आणि प्रत्येक फेऱ्याबरोबर पाय काळा होत होता.

तुम्ही शंका काढलीत की मी पेज काढून टाकते, पिष्टही तिच्यातून जातं, म्हणून रात्री साखर कमी दिसत असेल. बरोबर आहे. म्हणून मी काय केलं ते ऐका, आणि रागवायचं असेल तर रागवा. काल रात्री माझ्याच रीतीनं भात केला, पेज काढली, वाफ आणली, आणि मग तोच भात पाट्यावर घेऊन घोटला. मामंजी खूष झाले, "आज शहाणी झालीस" म्हणाले. मी नळी धरून चुलीपाशी बसले होते. लाल झाली. विटेसारखी लाल, भाऊजी, दुपारसारखी.

ज्यांचा पाय वाचवायचा त्यांनाच मी जाणूनबुजून ते खायला घातलं. पण आता शंका उरली नाही. आज रात्री पुन्हा मोकळा दिला, हिरवट निळं आलं.

यात्रा तोंडावर आहे. डॉक्टर परवा आले, दुसरं बोटही त्यांनी नुसतं बघितलं, हात लावला नाही. उद्या सासूबाईंशी बोलते. म्हणजे काय होणार ते मला आत्ताच दिसतं आहे.

यशोदा


ता. ३१ डिसेंबर

भाऊजी,

उशीर झाला. डोकं दुखत होतं असं समजा.

सासूबाईंनी मी सांगितलेलं शेवटपर्यंत ऐकून घेतलं. मग विचारलं, "म्हणजे मी त्यांना मारत होते, असंच ना?" मी म्हटलं, तसं नाही. त्या म्हणाल्या, "तसंच आहे. पण नीट सांग, भात कसा करू?" मला वाटलं होतं त्या भांडतील. भांडल्या असत्या तर बरं झालं असतं.

पाच-सहा दिवस त्यांनी खटपट केली. पाणी कमी केलं तर भात खाली लागला, वर कच्चा राहिला. पेज काढताना हातावर सांडली, मनगटाला फोड आले. धूसर डोळ्यांना शीत फुललं की फुटलं ते दिसत नाही, आणि बोटांना एकच ओळख आहे, लगदा. मी उंबऱ्याबाहेरून "आता उतरवा" म्हणून ओरडायची, तर माझा आवाज आला म्हणून त्या दचकायच्या आणि पुन्हा पळी फिरवायच्या. दुपारची नळी पिवळी येते. पूर्वीपेक्षा बरी, पण पुरेशी नाही. डॉक्टर म्हणाले, असं अर्धवट चालणार नाही.

मामंजींना मी सुचवलं की देवाला मूद दाखवा, त्यातलं एक शीत प्रसाद म्हणून घ्या आणि पोटाला मी रांधलेला खा. ते म्हणाले की देवाला एक आणि पुजाऱ्याला दुसरं, ही खानावळ आहे काय. सेवेकऱ्याच्या घरच्या बाईनंच नैवेद्य रांधायचा, ही रीत त्यांच्या आजोबांपासूनची, म्हणून बाहेरची सोवळी बाई आणायलाही वाव नाही. घरात बाया दोनच, एकीला दिसत नाही आणि दुसरी चालत नाही.

मग परवा सासूबाई माझ्या खोलीत आल्या. कधी येत नाहीत. फोड आलेल्या हातावर पदर धरून म्हणाल्या, "यशोदे, तुझ्या हातात भात आहे आणि माझ्या हातात नाही. देवाच्या चुलीला शिवायचं तर एकच वाट आहे. मी सांगत नाही, मागते आहे. त्यांचा पाय मागते आहे." त्या रागानं म्हणाल्या असत्या तर मला चार शब्द सुचले असते.

मी हो म्हटलं आहे. पाय वाचेल. पुढच्या वेळी तुम्ही मला बघाल तेव्हा ओळख पटायला जरा वेळ लागेल इतकंच. तार वगैरे करू नका. बुधवारचा दिवस ठरला आहे.

यशोदा


ता. १० जानेवारी १९३५

भाऊजी,

तुमच्या दोन तारा आल्या. दोन्ही निंगव्वाच्या घरी, आणि तिच्या नवऱ्याला वाटलं कुणी मेलं. मी बरी आहे. काय झालं ते क्रमानं लिहिते.

बुधवारी सकाळी सिद्धाराम न्हावी मागच्या दारानं परसात आला. सासूबाईंनी पाट मांडला होता. मी केस सोडून बसले होते. सासूबाई तुळशीपाशी उभ्या होत्या, त्यांना दिसत नव्हतं तरी त्यांनी तोंड फिरवलं होतं. आठ वर्षांपूर्वी याच परसात तुम्ही आडवे आला होतात आणि सिद्धाराम परत गेला होता, ते सगळ्यांना आठवत असणार. सिद्धारामनं वस्तरा दगडावर लावला आणि तो आवाज सोप्यात खाटेवर पडलेल्या मामंजींना ऐकू गेला.

त्यांनी आतून हाक मारली, "सिद्धाराम, आज माझा वार नाही. कुणाची हजामत?"

तो गडबडला. म्हणाला, "आईसाबांनी बोलिवलं हाय, मालक. थोरल्या सूनबाईंचं…"

मग काठीचा आवाज आला. डॉक्टरांनी पाय खाली टेकायचा नाही म्हणून बजावलं आहे, आणि मामंजी भिंत धरून टाचेवर परसाच्या दारापर्यंत आले. पट्टीतून पाणी गळत होतं. माझ्याकडे, पाटाकडे, वस्तऱ्याकडे बघून त्यांना सगळं कळलं. सासूबाईंनी ठरलेलं सांगून टाकलं, भात, पाय, चूल सगळं.

मामंजी म्हणाले, "पाय माझा आहे आणि केस हिचे आहेत. माझं वाचवायला हिचं कापायचं, हे कुठल्या पोथीत आहे?"

सासूबाई आयुष्यात पहिल्यांदा त्यांना उलटून बोलल्या. "पोथीत आहे. तुम्हीच वाचून दाखवलंत मला. थोरला नारायण गेला तेव्हा तुम्हीच वाचलंत."

मामंजींनी आधी वस्तऱ्याकडे बघितलं, मग स्वतःच्या पट्टीकडे. मला वाटलं आता ते "चालू दे" म्हणणार. खरं सांगते, भाऊजी, तेवढ्या वेळात मी हो म्हटल्याचा मला पश्चात्ताप झाला. उठून पळावंसं वाटलं, पाय जाईना का मग.

"वाचलं होतं," ते म्हणाले. "तेव्हा माझं काही कापायचं नव्हतं." मग सिद्धारामकडे वळून, "हत्यारं गुंडाळ. हिचा वार कधीच नाही."

सासूबाईंनी विचारलं, मग देवाच्या भाताचं काय. मामंजी म्हणाले, उद्यापासून ही रांधेल, आहे तशी. देव कोपला तर, असं सासूबाई हळूच म्हणाल्या. त्यावर ते दारातच खाली बसले, कारण आता उभं राहवत नव्हतं, आणि म्हणाले की देव माझ्या पायावर आधीच बसला आहे, आणखी कुठं बसेल?

सिद्धाराम जाताना माझ्याकडे न बघता म्हणाला, "लई बरं झालं, बाई." मी तिथंच बसून मोठ्यानं रडले. केस सावरायचं भान नव्हतं.

यशोदा


ता. ५ फेब्रुवारी

भाऊजी,

यात्रा उठली. पाय आहे.

आधी पायाचं सगळं सांगते, कारण तुम्ही तेच शोधाल. दोन बोटं काढावी लागली, करंगळी आणि तिच्या शेजारचं. डॉक्टरांनी ती गेल्या आठवड्यात काढली आणि जखम कोरडी होत चालली आहे. काळं पावलावर चढलं नाही. नळी दुपारी हिरवी असते, रात्री कधी कधी निळीच राहते. दुखणं मुंगीच्या पावलानं जातं म्हणतात, पण जातं आहे. डॉक्टरांना तुमची भिंतींची गोष्ट मी माझ्या नावावर सांगितली. त्यांनी ऐकली, आणि मोकळ्या भाताचं त्यांच्या आणखी एका रोग्याला सांगून बघतो म्हणाले. पण बोटं काढली म्हणून पाय वाचला की साखर उतरली म्हणून, हे छातीठोक सांगता येणार नाही, असंही म्हणाले. मला चालतं.

पहिल्या दिवशी मी देवाच्या चुलीपुढे बसले तेव्हा आधण उकळून निम्मं झालं तरी तांदूळ वैरायचा धीर होईना. सासूबाई उंबऱ्याबाहेर बसल्या होत्या, मी बसायची त्याच जागी. दोन दिवस त्या जेवल्या नव्हत्या. भात उतरवल्यावर त्यांनी विचारलं की मूद पडते का. मी म्हटलं, नाही. मग म्हणाल्या, "मग पसरून वाढ. पानभर दिसेल तरी."

मामंजींना त्या दिवशीही खुर्चीतून देवळात नेलं. रावजी आधीच येऊन उभा होता. पानावरचा पसरलेला भात बघून त्यानं सभामंडपात सगळ्यांना ऐकू जाईल असं विचारलं की मूद कुठं आहे आणि रांधलं कुणी. केसांवरून विषय निघाला असता तर पूजा तिथल्या तिथं गेली असती.

मामंजी म्हणाले, "माझ्या सुनेनं रांधलंय. आणि रावजी, हा नरसिंह आहे. याला दात आहेत. इतकी वर्षं आपणच त्याला म्हाताऱ्यासारखं घोटून भरवत होतो."

मागे कुणीतरी हसलं, मग आणखी दोघं. रावजी उपरणं झटकून निघून गेला. तो पंचांकडे जाणार आहे म्हणे. जाऊ दे. परवा मामंजी दोन बोटं नसलेल्या पायानं, टाचेवर जोर देऊन, स्वतः गाभाऱ्याचा उंबरा ओलांडून आत गेले. बोट तुटल्यानं माणूस अंगहीन होतो की नाही यावर पंच महिनाभर बोलतील, तोवर पूजा चालू आहे.

आता शेवटचं. काल रात्री मी नळी धुवत होते. मामंजी खाटेवरून म्हणाले की निळं औषध संपत आलंय, बंगळूरला लिहून मागव. मी नळी पालथी ठेवून वळले. म्हणाले, "बाटलीवरची चिठ्ठी इंग्रजीत आहे, ती मला वाचता येत नाही. पण खाली मराठीत आकडे आहेत, त्यांचं वळण कुणाचं ते कळतं. त्याला धुळपाटीवर गिरवायला मीच बसवलं होतं."

म्हणजे पहिल्या दिवसापासून त्यांना माहीत होतं, आणि तरी त्यांनी बाटली फोडली नाही. ते भिंतीकडे तोंड करून पडले, आणि बऱ्याच वेळानं, झोपले असं मला वाटलं तेव्हा, बोलले. तुम्ही पूजा नाकारून गाडीत बसलात त्या दिवशी त्यांनी तुमच्या नावानं अंघोळ केली होती. तुम्हाला हे कुणी सांगितलं नसेल, मीही आठ वर्षं लिहिलं नाही. आडावर उभं राहून डोक्यावरून पाणी घेतलं आणि घरात येऊन सासूबाईंना म्हणाले होते, धाकटाही गेला.

काल ते म्हणाले, "अंघोळ केली होती मी. पण पाणीच ते, वाळतं की." मग थोडं थांबून म्हणाले, "त्याला लिही, ये म्हणावं. पूजेला नको. जेवायला ये."

हे त्यांचे शब्द जसेच्या तसे लिहिले आहेत, माझा एकही नाही. सकाळी मी पत्र लिहायला बसले तर सासूबाई दोनदा येऊन विचारून गेल्या की त्याच्या गाडीची वेळ कळली का. त्यांना अजून कोण सांगणार की पत्रच गेलेलं नाही. तुम्ही मेलनं येणार की पॅसेंजरनं, ते तारेनं कळवा, आणि या वेळी तार आपल्याच घरच्या पत्त्यावर करा.

यशोदावहिनी